माकडाच्या वृषणात दोष दिसला, पण तो औषधामुळेच का?

अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२५ मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडी औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायचं जाहीर केलं. त्यांच्या जागी एआय मॉडेल येणार म्हणून बरीच चर्चा झाली. पण मुळात माकडांवरचा डेटा किती स्वच्छ असतो?

या चाचण्यांत बहुतेकदा लांब शेपटीचं सिनोमोल्गस माकड वापरतात. औषध दिल्यावर वृषणाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघतात. शुक्राणू बनवणाऱ्या नलिका आकसलेल्या दिसल्या की पहिला संशय औषधावर. गंमत म्हणजे औषधाचा थेंबही न मिळालेल्या माकडांतही असे बदल आपोआप दिसतात. त्यात हा नर साधारण ४-५ वर्षांचा झाल्यावर वयात येतो, आणि चाचणीत अनेकदा त्याहून लहान माकडं असतात. जिथे शुक्राणू बनायला सुरुवातच झालेली नाही, तिथे औषधाने काय बिघडवलं हे कळणार कसं?

खरा लोचा आकड्यांचा आहे. एका डोसच्या गटात नर असतात जेमतेम ३ ते ५. एकात दोष निघाला, तर औषध की योगायोग? चुकलं तर चांगलं औषध अडकतं, नाहीतर पुरुषांच्या प्रजननक्षमतेला घातक औषध पुढे सरकतं. म्हणून पॅथॉलॉजिस्ट जुन्या चाचण्यांतल्या, औषध न दिलेल्या माकडांच्या नोंदींशी ताडून बघतात. पण वय आणि मूळ ठिकाण जुळलं तरच ही तुलना कामाची. जंगलातून पकडलेल्या माकडाचं तर नेमकं वयही माहीत नसतं.

एआय मॉडेलला हाच जुना डेटा शिकवायचा असेल, तर प्रत्येक स्लाइडसोबत माकडाचं वय नोंदलंय का, हे आधी तपासावं लागेल.