एकच लॉगिन द्या, पण किल्ली आमच्याच खिशात राहू द्या

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात एक तरी सातबारा किंवा एक तरी शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडच्या साध्या शेतकऱ्याला आज किती ठिकाणी लॉगिन करावं लागतं, मोजा. डिजिटल सातबारा काढायचा, एक. उत्पन्नाचा, जातीचा दाखला हवा, तर 'आपले सरकार'. ठिबकच्या अनुदानाला महाडीबीटी, आणि पोरीच्या शिष्यवृत्तीला त्याच महाडीबीटीवर पोरीचं वेगळं खातं. शिवाय पीक विमा, पीएम किसान, ई-पीक पाहणी, डिजिलॉकर. सरकार एक, माणूस एक, पण 'मी तोच' हे सांगायचं आठ वेळा!

म्हणून एकच लॉगिन हवं, याबद्दल वाद नाही. ४ जुलै २०२२ ला गांधीनगरात 'मेरी पहचान' या नावानं केंद्र सरकारनं ते सुरूही केलं. डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय, यांपैकी कुठलंही एक खातं असलं की जोडलेल्या बाकीच्या सरकारी सेवांत त्याच खात्यानं जाता यावं, अशी ती योजना. कल्पना चांगली आहे. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. ही एकच किल्ली राहणार कुणाच्या खिशात?

कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि दाखले काढून देणाऱ्या केंद्रात पाच मिनिटं उभे राहा. एक वही दिसेल. तिच्यात नाव, आधार नंबर, युजर आयडी, पासवर्ड. "काका, ओटीपी आला का? सांगा पटकन." काका सांगतात. घाईत नंबरही कधी केंद्राचाच टाकलेला असतो. केंद्रचालकाला मी शिव्या घालणार नाही. तो बसला नसता तर निम्म्या तालुक्याचे दाखले अडले असते. पण आज त्या वहीतला एक पासवर्ड बाहेर गेला तर एकच दार उघडतं. उद्या सगळ्या दारांना एकच किल्ली झाली, की त्याच वहीतून जमीन, अनुदान, दाखले, मार्कशीट सगळंच उघडं पडेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "लोक अडाणी आहेत, सिस्टिम काय करणार?" साफ चूक. दुसऱ्याच्या मशीनवर बसून काम करणाऱ्या माणसाचा विचार चाळीस वर्षांपूर्वी झालेला आहे.

१९८३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. विद्यापीठभर कॉम्प्युटर, कुणीही कुठेही बसावं. फाइली एका सर्व्हरवर, छपाई दुसऱ्यावर, टपाल तिसऱ्यावर. म्हणजे आपलंच दुखणं. त्यातून 'कर्बेरॉस' नावाची पद्धत निघाली. एकदाच ओळख पटवायची. मग प्रत्येक कामासाठी वेगळं तिकीट मिळतं. हो, तिकीट हाच त्यांचा शब्द. त्याला काही तासांची मुदत. छपाईच्या सर्व्हरला फक्त तिकीट दिसतं, पासवर्ड कधीच नाही. आपल्या एसटीसारखंच: पंढरपूरचं तिकीट काढून सोलापूर गाठता येत नाही, आणि कालचं तिकीट आज चालत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, ओळख वेगळी आणि अधिकार वेगळा. मी कोण हे सगळ्यांना कळलं, म्हणून माझ्या शेताचा कागद शिक्षण खात्यानं बघायचं कारण नाही. दोन, लॉगिन एक करायला सगळी माहिती एका ढिगात ओतावी लागत नाही. 'सोय' म्हणून कुणी तो ढीग करू लागला, तर त्याला २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा नऊ न्यायाधीशांचा निकाल दाखवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

केंद्रचालकाचं काय? तोही प्रश्न सुटलेला आहे. फ्रान्समध्ये सरकारी सेवांसाठी 'फ्रान्सकनेक्ट' हे एकच लॉगिन आहे. ज्यांना ते स्वतः जमत नाही, त्यांच्यासाठी 'एदां कनेक्ट' आहे. मदतनीस स्वतःच्या नावानं लॉगिन करतो आणि त्या माणसाच्या लेखी संमतीनं, ठरलेल्या कामापुरतं, ठरलेल्या मुदतीपुरतं त्याचं काम करतो. एका दिवसाचीही संमती देता येते. कुणी, कुणासाठी, काय केलं याची नोंद राहते. वहीची गरजच उरत नाही.

आणि तो मोबाईल नंबर! रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस थांबून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर गेलेल्या माणसाचं सिम बंद पडलं, तर त्याच्या लॉगिनचा ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजेल. आणि हा बिचारा स्वतःच्याच खात्याबाहेर उभा.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. केंद्रचालकाला स्वतःचं लॉगिन आणि नागरिकाच्या वतीनं काम करायची मुदतीची परवानगी द्या. नागरिकाचा पासवर्ड मागणं गुन्हा ठरवा.

२. माझ्या खात्यात कोण, कधी, कशासाठी शिरलं ते मला मराठीत दिसू द्या. एस्टोनियात नागरिकाला आपली माहिती कुणी पाहिली ते बघता येतं. मग इथे का नाही?

३. नंबर गेला तर खातं परत मिळवायची सोय तहसीलमध्ये हवी. माणूस समोर, कागद समोर, आणि त्यासाठीही दिवस ठरलेले. लोकसेवा हक्काचा कायदा राज्यात २०१५ पासून आहे. ही सेवा त्यात घाला.

४. नवं लॉगिन आणताना जुनं बंद करा. नाहीतर आठाचे नऊ होतील, एवढीच प्रगती.

उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतील. वहीबद्दल कुणी बोलणार नाही. आमदारसाहेब, तहसीलदारसाहेब, पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. पुढच्या आमसभेत हा प्रश्न मी विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा.

आणि वाचणाऱ्यांनो, आज संध्याकाळी एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलेला आहे, ते बघा. तुमचा नसेल तर उद्याच बदलून घ्या.