पेटीवाले काका आणि सुरेशबाबू

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून सुरेशबाबू माने यांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. बायकोने आतून विचारलं, "कोण गातंय?" मी म्हणालो, "सुरेशबाबू." ती म्हणाली, "कोण सुरेशबाबू?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, हिराबाई बडोदेकरांचे भाऊ."

बोलून गेलो आणि मग स्वतःचाच राग आला. का आला ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरात दोन काका. थोरले दादाकाका कीर्तनकार. गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यात त्यांचं नाव होतं. गाडी पाठवून लोक त्यांना न्यायचे. धाकटे काका पेटी वाजवायचे. ऐन तारुण्यात दोन हंगाम ते एका तमाशाच्या फडाबरोबर फिरले. पेटी वाजवायची आणि वेळ पडली तर सोंगाड्याचं कामही करायचं. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत त्यांनी लोकांना पोट धरून हसवलं होतं असं आजी सांगायची, अर्थात आवाज खाली आणून. कारण कीर्तनकाराच्या घरातला मुलगा तमाशात नाचला हे काही मिरवायचं नव्हतं. पुढे ते घरी परतले आणि शेवटपर्यंत दादाकाकांच्या मागे पेटी घेऊन बसले.

लहानपणी कोणी विचारलं की आम्ही पोरं सांगायचो, "हे दादाकाकांचे भाऊ." झालं. तेवढीच ओळख.

आता सुरेशबाबूंकडे येतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही पाच मुलं. सुरेशबाबू (१९०२) सगळ्यात थोरले, हिराबाई (१९०५) त्यांच्या पाठची. मग कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पुढे कोणी माने झालं, कोणी बडोदेकर, तर सरस्वतीबाई लग्नानंतर राणे. त्यामुळे आजही बऱ्याच जणांना ही एका आईची लेकरं आहेत हे ठाऊक नसतं.

पोट तर भरायचं होतं. या भावंडांनी गाण्याचा वर्ग चालवला आणि मग नाटक मंडळी काढली. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' अशी नाटकं. बालगंधर्वांचा जमाना होता. स्त्रीपात्र पुरुषानेच करायचं अशी रीत असताना हिराबाई आणि त्यांच्या बहिणी स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. सुरेशबाबूही तोंडाला रंग लावून त्याच रंगमंचावर. पण मंडळी काही टिकली नाही, कर्ज झालं. ते फेडलं हिराबाईंनी, गावोगाव मैफली करून. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिकांमध्ये त्यांचं नाव घेतात. १९७० साली त्या पद्मभूषण झाल्या. आम्हा परभणीकरांना त्यांचा एक जास्तीचा जिव्हाळा असायला हवा, कारण आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंवर निघालेल्या चित्रपटातही त्यांनी काम केलं होतं.

या सगळ्यात सुरेशबाबू कुठे होते? तर शिकवत होते. हिराबाईंना पहिले धडे दिले ते त्यांनी. सरस्वतीबाईंनाही त्यांनीच शिकवलं. पेटीवर हात असा की वाजवू लागले की मंडळी ऐकत राहायची. चित्रपटांना संगीत दिलं. माणिक वर्मा त्यांच्याकडे शिकल्या. वसंतराव देशपांडे शिकले, ज्यांच्या 'कट्यार काळजात घुसली'ने (१९६७) पुढे महाराष्ट्र वेडा केला. प्रभा अत्रे शिकल्या. १९५३ साली सुरेशबाबू गेले तेव्हा जेमतेम पन्नाशीचे होते. त्यांच्यामागे प्रभाताईंची तालीम हिराबाईंकडे चालू राहिली.

तर सांगायचा मुद्दा असा. अशा माणसाबद्दल लिहिताना आपल्याकडे एक ठरलेला शब्द आहे : 'झाकोळले गेले'. बहिणीच्या प्रसिद्धीमुळे झाकोळले गेले, भावाच्या कीर्तीपुढे झाकोळले गेले. मला हा शब्द मुळीच पटत नाही. त्यात एक तर प्रसिद्ध भावंडावर विनाकारण ठपका येतो. हिराबाईंनी काय कुणाचा उजेड अडवला होता? आणि दुसरं म्हणजे जो मागे राहिला त्याने जन्मभर काही केलंच नाही, नुसता सावलीत बसून राहिला, असा अर्थ निघतो. ज्याने शिकवलं तो सावलीत कसा?

उलट टोकाचं बोलणंही मला तितकंच खोटं वाटतं. 'त्यांना प्रसिद्धीची हावच नव्हती, ते निरिच्छ होते.' हे आपण कशावरून ठरवतो? मागे बसलेल्या माणसाला कधी पुढे बसावंसं वाटलंच नसेल? विचारलं होतं का कोणी? निरिच्छ म्हटलं की आपली सुटका होते, एवढंच.

आमच्या तमाशात यापेक्षा बरी रीत दिसते. काळू-बाळू म्हणजे कवलापूरचे लहू आणि अंकुश, जुळे भाऊ. नावं अशी जोडलेली की एकाचं घेतलं की दुसऱ्याचं आपोआप येतं. विठाबाईंचे वडील आणि चुलते यांचा फडसुद्धा भाऊ-बापू या जोडनावानेच ओळखला जायचा. सगळ्याच फडांत न्याय होता असं मी म्हणत नाही. पण पाटीवर निदान दोघं होते.

आता माझी चूक सांगतो. दादाकाका गेल्यावर वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढली. मजकूर मी लिहिला, कारण घरात 'लेखक' मीच. :-) आठ पानं भरली. धाकट्या काकांचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत : 'पेटीवर बंधूंची साथ लाभली.' नावसुद्धा नाही. काकांनी ती पुस्तिका चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "फोटो छान आलाय की दादाचा."

मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मी काहीच बोललो नाही. नंतर सावकाश बसून त्यांच्याकडून तमाशाच्या दिवसांबद्दल सगळं लिहून घेऊ असं ठरवलं. ते 'नंतर' कधी आलंच नाही. गेल्या दिवाळीनंतर काका गेले. माळेगावला त्यांनी कुठलं सोंग केलं होतं हे आता सांगणारं कोणी नाही. पेटी आहे. तिचे दोन सूर बंद पडलेत.

प्रभाताईंनी (त्या जानेवारी २०२४ मध्ये गेल्या) आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ मुंबईत संगीत संमेलन सुरू केलं तेव्हा नाव ठेवलं 'सुरेशबाबू-हिराबाई'. दोघं आहेत आणि थोरला आधी आहे. ना झाकोळणं, ना निरिच्छपणा. शिष्येने हिशेब चुकता केला, एवढंच.

येत्या आषाढीला गावी दादाकाकांच्या नावाने कीर्तन ठेवायचं चाललंय असं ऐकतो. चुलतभावांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक विनंती. पत्रिकेवर दोन्ही नावं टाका. क्रम तुम्ही ठरवा. आणि कोणाच्या घरी काकांचा पेटीवर बसलेला फोटो असेल तर मला पाठवा. माझ्याकडे सगळे दादाकाकांचेच आहेत, आणि त्यात काका जिथे दिसतात तिथे अर्धेच आलेत.

असो. बायकोला सकाळी परत सांगितलं. "सुरेशबाबू माने. गायक. पेटी फार सुंदर वाजवायचे. नाटकात काम करायचे. माणिक वर्मा, वसंतराव, प्रभा अत्रे त्यांच्याकडे शिकले."

ती म्हणाली, "मग रात्री एवढंच सांगायचं की."