तिघांचा दरोडा

‘दुचाकीवरून आलेल्या तिघांचा भरदिवसा दरोडा’ असे मथळे आपल्याकडच्या पेपरांत सर्रास छापून येतात. पण तिघांना दरोडा घालताच येत नाही, निदान कायद्याने तरी!

इंग्रजीत ‘रॉबरी’ वेगळी आणि ‘डकॉइटी’ वेगळी. आपल्या ठाण्यांत पहिलीला जबरी चोरी म्हणतात, दुसरीला दरोडा. चोरी करताना मारहाण केली, जिवाची भीती घातली, की ती रॉबरी. तेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले की डकॉइटी. गल्लीच्या तोंडाशी पाळत ठेवून उभा राहिलेलाही या पाचांत धरतात. इंग्लंडच्या कायद्यात असा वेगळा गुन्हा नाही. इथल्या टोळ्यांचा धसका घेतलेल्या साहेबाने शब्दही इथल्याच डकैतावरून उचलला आणि 1860च्या दंडसंहितेत बसवला. आता नव्या न्याय संहितेत जबरी चोरीचे कलम 309, दरोड्याचे 310.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय दरोड्याची नुसती तयारी हाही गुन्हा. जबरी चोरीच्या तयारीला तसे कलम नाही. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी येते ती याच कलमाच्या जोरावर. म्हणून अशा बातमीत पकडलेले किती, पळालेले किती, हे आधी वाचावे.

डोकी मोजायची तर आमच्या उमरीचे काय? 30 जानेवारी 1948 रोजी स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी निजामी राजवटीतली इथली बँक फोडली आणि पैसा मुक्तिलढ्यासाठी नेला. माणसे पाचांहून कितीतरी जास्त. कलम लावले तर चोख डकॉइटी. तरी मराठवाड्यात तिला कुणी दरोडा म्हणत नाही. ‘उमरी बँकेची लूट’ म्हणतात, तेही अभिमानाने. कायदा माणसे मोजतो, लोक पैसा कुणाच्या घरात गेला ते बघतात.

तो लोकांचा हक्क आहे. बातमीदाराला मात्र ही मुभा नाही. त्याच्या मथळ्यातला माणूस अजून कोर्टाची पायरीही चढलेला नसतो आणि गावात त्याच्यावर ‘दरोडेखोर’ हा शिक्का बसून जातो. पुढे सुटला तरी तो पुसत नाही. तेव्हा मथळा लावण्याआधी एफआयआरमधले कलम एकदा बघावे: 309 की 310?