तपकिरी

इंद्रधनुष्याच्या सात रंगांत तपकिरीला स्थान नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो तेज ओसरलेला नारिंगी, इतकेच. तरीही पायाखालच्या मातीत, झाडांच्या खोडांवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर आपण सर्वाधिक पाहतो तो हाच. मराठीने त्याचे नाव थेट तपकिरीच्या डबीतून उचलले. विटकरी, बदामी, मातकट हे त्याचे भाऊबंदही असेच घरादारातून आलेले.

शाळकरी रंगपेटीत तो तयार मिळतो, हे मला खटकते. कडुनिंब असो, चिंच असो की साग, मुलांच्या चित्रांत सर्वांची खोडे एकाच बाटलीतून निघतात.

वास्तविक तो घडवणे सोपे आहे. पिवळ्याचे दोन वाटे व लालाचा एक घेऊन प्रथम नारिंगी करावा. मग ब्रशच्या टोकाने निळा, अगदी बेताने, मिसळत जावे. निळा फार जोरकस. घाई केली की सारे काळवंडते. लाल वाढवला तर विटकरी, पिवळा वाढवला तर मातकट, पांढरा घातला तर बदामी. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातील आपापला भाग गिळते. तिन्हींनी गिळून जो थोडका तांबूस-पिवळसर प्रकाश उरतो, तो आपल्याला तपकिरी दिसतो. लाल आणि हिरवा मिसळूनही तेथेच पोहोचता येते, कारण हिरव्यात पिवळा व निळा आधीच दडलेले असतात.

आपल्या इंदूरला तरी हे परके वाटू नये. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा सुरू केली; नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे तिचे विद्यार्थी. चिंचाळकर गुरुजी तर पुढे वाळली पाने, झाडाच्या साली, टाकाऊ वस्तू यांतून आकृती उभ्या करू लागले. एका वाळल्या पानात तपकिरीच्या किती छटा असतात, हे ते पान उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

रंगीत खडूंच्या पेटीत ‘स्किन कलर’ नावाची एक फिकट गुलाबी कांडी असते. ती कोणाच्या कातडीची, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत उमगलेले नाही. गतवर्षी सहावीतील एका मुलीने ‘माझी आई’ या चित्रात आईचा चेहरा त्याच कांडीने रंगवला. आई बांधकामावर विटा वाहते. मी तिला ओळखतो. असे का, म्हणून विचारता मुलगी म्हणाली, “सर, चेहऱ्याचा रंग हाच असतो. पेटीवर लिहिलंय.”

आमच्या चित्रकलेच्या बाईंनी तिला लाल, पिवळा, निळा व थोडा पांढरा दिला आणि मिसळलेला रंग कागदाच्या कपट्यावर लावून मनगटाशी ताडून पाहावयास सांगितले. तिसऱ्या खेपेस तो जुळला. मग सारा वर्गच कपटे मनगटाला लावून बसला, आणि शेजारी बसलेल्या दोघांचेही रंग एक निघेनात! त्या तासाला घंटा झालेली कोणाला ऐकू आली नाही.

तेव्हा पालकांनो, यंदा बारा बाटल्यांची पेटी घेऊ नका. लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढे चार पुरेत. मात्र मुलांना एक सांगून ठेवा: जलरंग वाळल्यावर फिकटतो, म्हणून कपटा वाळू द्यावा आणि मगच मनगटाशी धरावा.