मुलांची चित्रे आणि वडीलधाऱ्यांची घाई

सुटीच्या दिवसांत घरात चार-सहा मुले एकत्र जमली म्हणजे त्यांस कशात गुंतवावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस रंग, कागद, चिंध्या व तूस यांच्या मिश्रणाने प्राण्यांची चित्रे करावयास शिकविणे, हा त्यावरील एक उत्तम उपाय होय, असे आमचे मत आहे. तथापि या कामी सामग्रीपेक्षा मोठ्यांचा संयम अधिक लागतो. आणि एकत्र कुटुंबात नेमकी त्याचीच वानवा असते, कारण एका चित्रातील चुका दाखविणारे तेथे पाच जण असतात.

वात्स्यायनाच्या ग्रंथावरील जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत पहिले अंग रूपभेद, म्हणजे एक रूप दुसऱ्याहून कशाने वेगळे, हे ओळखणे. सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, हे पाचवे. आपण मात्र पाचव्या अंगाचा आग्रह पहिल्याच दिवशी धरितो. मुलाने जांभळी शेळी काढिली की काका हसतात, आत्या "ही शेळी की चौरंग?" म्हणून विचारते, आणि आजोबा पेन्सिल घेऊन स्वतःच एक नीटस शेळी काढून देतात. ती सुरेख असते, यात संशय नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मूल "तुम्हीच काढून द्या" म्हणून पाठीस लागते. शाळेत आम्ही अशी मुले पुष्कळ पाहिली. "मला चित्र येत नाही" असे दहाव्या वर्षी निक्षून सांगणाऱ्या मुलास ते कोणीतरी शिकविलेले असते.

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे १० व १७ क्रमांकांच्या लेण्यांत षड्दंत जातकातील सहा दातांचा हत्ती रंगविलेला आहे. पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणांस मिळून एकच मस्तक कोरिले आहे. ज्या हरणाकडे पाहावे, त्याचेच ते वाटते. असा हत्ती, असे हरीण कोणत्या अरण्यात आहे? पण त्या हत्तींची अंगलट व त्या हरणांची मान पाहिली म्हणजे कारागिरांनी प्राणी किती निरखिले होते, हे कळून येते. आधी निरखणे, मग कल्पना, असा हा क्रम आहे.

मिश्र साहित्याचे म्हणाल तर तेही आपल्याकडे नवीन नाही. अजिंठ्याच्या भिंतीस मातीत भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा दिलेला आहे; त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळी. पाचव्या शतकातील चित्रांत निळ्यासाठी अफगाणिस्तानचा राजावर्तही आला. आमच्या शहराचे हिमरू वस्त्र सूत व रेशीम यांच्या मिलाफाचेच. आणि पोळ्याचा बैल पाहा : शिंगांस रंग व बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगूरमाळ.

आता कृती. प्रथम कागद देऊ नये. अंगणातील खार, दारची गाय, शेजारचे मांजर, यांपैकी एक प्राणी मुलांस पाहू द्यावा व तोंडी विचारावे : कान कोठून निघतात? बसताना आधी कोणते पाय मुडपतात? मग जाड पुठ्ठ्यावर मेणखडूने मोठी आकृती काढू द्यावी. तिच्यावर पातळ जलरंग फिरविला की मेणाच्या रेघा रंग झटकून उठून दिसतात. मुलांस ती जादू वाटते. मात्र मेणावर खळ धरत नाही; म्हणून चिकटकाम जेथे करावयाचे ती जागा कोरी ठेवावी, आणि रंग पुरता वाळल्यावरच कणकेची खळ लावावी. कागद हाताने फाडिला तर कडेला तंतू सुटतात, ते लोकरीसारखे दिसतात. कात्रीने कापिला तर धार येते, ती शिंगांस व पिसांस शोभते. कोठे फाडावे, कोठे कापावे, हे मुलास ठरवू द्यावे. रूपभेदाचा खरा पाठ तोच. कात्री बोथट टोकाची असावी, व मणी-टिकल्या घरातील तान्ह्यांच्या हाती लागू नयेत, एवढी दक्षता पुरे.

चित्र पुरे झाल्यावर "हे काय आहे?" असे न विचारता "हा काय करीत आहे?" असे विचारावे. मागील बाजूस नाव व तारीख घालून सर्वांची चित्रे माजघरात एका दोरीवर टांगावी. चुलत-आते भावंडांत पहिला-दुसरा क्रमांक कदापि लावू नये. त्यायोगे एकाचा गर्व व चौघांचा हिरमोड, एवढेच पदरी पडते. आणि आजोबांस आमची विनंती एवढीच की, तेवढा वेळ पेन्सिल खिशातच ठेवावी.