वेग गाडीचा, भार टायरवर

शेतकरी बंधूंनो, नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तुमच्यापैकी कित्येकांच्या जमिनी त्यात गेल्या. मोबदल्याच्या पैशातून कुणी दमदार मोटारही घेतली. हौसेला मोल नाही, पण जीव जपायला हवा.

सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. इंजिन त्याहून जास्त पळेल हो, पण तासन्‌तास पळताना आधी दम तुटतो तो टायरचा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा तपासा. झिजलेला टायर बदला. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. पुढच्या गाडीपासून १०० मीटर तरी अंतर ठेवा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबाच.

आणि सरपंच, पोलीस पाटील मंडळी, जवळच्या वाटेसाठी कुणाला कुंपण तोडू देऊ नका. त्या फटीतून शिरलेलं एक वासरू चार माणसांचा जीव घेईल.

रस्त्याला जमीन दिली, माणूस देऊ नका.