ढ कोण?

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. तेवढ्या काळात एक शब्द मी माझ्या वर्गात कधी चालवून घेतला नाही, तो म्हणजे 'ढ'. मुलानं मुलाला म्हटलं तरी नाही आणि स्टाफरूममध्ये एखाद्या सरांनी म्हटलं तरी नाही. आता निवृत्तीनंतर तोच शब्द वेगळ्या दारानं घरात शिरला. संगणकवाले जुन्या टर्मिनलला 'डंब टर्मिनल' म्हणतात. सरळ मराठीत 'ढ'!

त्याचं असं झालं. माझ्या भाच्यानं जुन्या सामानातून एक व्हीटी-२२० उचलून आणलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीनं हे १९८३ साली काढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. संगणक दुसऱ्या खोलीत, मधे एक वायर. संगणकानं अक्षरं पाठवायची आणि यानं ती दाखवायची, ८० अक्षरांच्या २४ ओळी. भाच्याला त्यावर व्हीआय आणि ईमॅक्स हे एडिटर चालवायचे होते. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा, खोडायचा प्रोग्राम. "मावशी, तू फक्त मॅन्युअल वाचून दाखव," म्हणाला. वाचून दाखवणं हा तर माझा जन्माचा धंदा! तीन रविवार आम्ही त्या पेटीपुढे बसलो.

पहिल्या रविवारी पडद्यावरची अक्षरं चक्क डोळे मिचकावायला लागली. भाचा वैतागला. "ढ आहे गं हे डबडं." मी म्हटलं, "थांब रे. तू त्याला काय सांगितलंस ते आधी बघ." आणि निघालं काय? संगणक धरून चालला होता की समोर आजकालचा २५६ रंगांचा पडदा आहे. रंगासाठी तो जी खूण पाठवत होता तिच्यात मधे एक '५' होता. व्हीटी-२२०ला रंग माहीतच नाहीत. त्याच्या व्याकरणात ५ म्हणजे 'अक्षर लुकलुकतं ठेव'. बिचाऱ्यानं सांगितलेलं इमानेइतबारे केलं. चूक सांगणाऱ्याची, आणि ढ ठरला ऐकणारा! संगणकाच्या 'टर्म' नावाच्या खणात 'व्हीटी२२०' एवढं लिहिलं आणि लुकलुक थांबली.

दुसऱ्या रविवारी एस्केपची कळ सापडेना. व्हीआयमध्ये ती पावलोपावली लागते, आणि या कीबोर्डवर ती नाहीच! मॅन्युअलमध्ये उत्तर होतं. एफ-३ दाबून सेटअपमध्ये जायचं आणि टर्मिनलला व्हीटी-१०० बनवायचं, की एफ-११ एस्केपचं काम करते. नाही तर कंट्रोल दाबून चौकटी कंस दाबायचा. तिसऱ्या रविवारी ईमॅक्स. त्यात शोधायला कंट्रोल-एस दाबतात. पण टर्मिनलच्या जगात कंट्रोल-एस म्हणजे 'थांब, मला दम घेऊ दे' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'हं, आता चालू कर'. भाच्यानं शोधायला कळ दाबली आणि सगळं ठप्प. पण ईमॅक्स लिहिणाऱ्यांनी याचाही विचार करून ठेवला होता. एक आज्ञा दिली की शोधायची कळ बदलते आणि कंट्रोल-एस टर्मिनलला दम खायला मोकळी राहते.

आता मुद्द्यावर येते. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईनं यात नाक का खुपसावं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

१९७६च्या सुमाराला बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय या तरुणानं व्हीआय लिहिला. त्याच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच कळांनी इकडेतिकडे जातात. हे टर्मिनल त्याच्या कंपनीनंच 'ढ' म्हणून विकलं होतं. पण बाकीच्यांकडे दुसरी टर्मिनलं होती आणि प्रत्येकाची बोली वेगळी. 'अमुक ओळीत, तमुक जागी जा' हे एडीएम-३एला एका खुणेनं सांगायचं, व्हीटी-५२ला दुसऱ्या, व्हीटी-१००ला तिसऱ्याच. जॉयनं काय केलं? 'सगळ्यांनी माझ्यासारखं टर्मिनल घ्या' असा फतवा नाही काढला. त्यानं टर्मकॅप नावाची एक यादी केली. कोणतं टर्मिनल, त्याच्या ओळी किती, त्याला काय येतं, काय येत नाही. एडिटरनं आधी यादी वाचायची, मग बोलायचं. पुढे तिचीच टर्मइन्फो झाली आणि ती आजही संगणकांत आहे. तिच्यात व्हीटी-१००च्या नावापुढे लिहिलंय, पडदा पुसायला सांगितलात तर ५० मिलिसेकंद थांबा, जागा बदलायला सांगितलीत तर ५ मिलिसेकंद. म्हणजे हळू लिहिणाऱ्या मुलासाठी बाईंनी फळा पुसायचं थांबावं, तसं!

आणि ज्या टर्मिनलला कुठे जाताच येत नाही, त्याचं काय? त्यालाही व्हीआय हाकलत नसे. 'ओपन मोड वापरतो आहे' असं सांगून एकेक ओळ दाखवून काम करू देत असे. एक ओळ तर एक ओळ.

आता याच्याशेजारी माझी गोष्ट ठेवा. गेल्या वर्षी माझ्या बँकेच्या अॅपनं एका सकाळी सांगितलं, 'तुमचा फोन चालणार नाही'. फोन चांगला चालतो हो! मुलांशी बोलते, फोटो बघते, हा लेख त्याच्यावरच टाइप करते आहे. बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, "आजी, नवीन घ्या ना आता." पेन्शन जमा झालं का, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी दर महिन्याला रिक्षा करून जाते. मीच ढ.

भाचा वाद घालतो. व्हीटी-२२० आता वापरतं कोण? आणि पैशांच्या अॅपला सुरक्षितता लागते, जुन्या फोनमध्ये ती नसते. दुसरी गोष्ट मला मान्य आहे. जुन्या फोनवरून पैसे पाठवू देऊ नका, खुशाल देऊ नका. पण म्हणून मला दारातच उभं करायचं? शिल्लक किती, एवढी एक ओळ या फोनवर दाखवायची सोय ठेवता येणार नाही? पन्नास वर्षांपूर्वीच्या एडिटरला जे सुचलं ते यांना का सुचू नये? पहिल्या गोष्टीचं उत्तर असं, की वर्गात मागे पडलेलं मूल एकच असलं तरी बाईंना त्याच्यापाशी जावंच लागतं.

आणि आपण मराठी माणसांनी तरी 'सगळ्यांना एकच माप' म्हणू नये. हे माप आपण सोसलेलं आहे. संगणकाची मूळ अक्षरं १२८, सात बिटांत मावणारी, सगळी इंग्रजीच्या सोयीची. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये उभं राहिलेलं जिस्ट तंत्र तिथे वाढलं आणि टर्मिनलवर देवनागरी उमटायला लागली. १९९१च्या इस्की प्रमाणात आपली अक्षरं वरच्या १२८ जागांत बसवली, म्हणजे आठवा बिट हवाच. पण 'सात पुरे' असं धरून बसलेला एडिटर किंवा वायरीची सेटिंग तो आठवा बिट कापून टाकी, की आपल्या 'क'चा भलताच इंग्रजी कचरा! दोष देवनागरीचा होता का? विचारलं नव्हतं, एवढंच.

चौथ्या रविवारी भाच्यानं व्हीटी-२२०वर व्हीआय उघडून कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "लिही मावशी काहीतरी." देवनागरी त्या पेटीला येत नाही, म्हणून माझं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं. हळूहळू, एका बोटानं. पेटीनं एकही अक्षर चुकवलं नाही.

बँकेला पत्र लिहिलं आहे. उत्तर आलं तर इथे सांगीनच.